विहित फॉरमॅटमध्ये

छायाचित्र माणसाला अमर करतं. काळ देह घेऊन जातो, पण एका क्षणाचं हसू कागदावर थांबतं आणि पिढ्यान्‌पिढ्या थांबून राहतं. हे वाक्य मी आमच्या मुख्याध्यापकांच्या तोंडून एकाच आठवड्यात दोनदा ऐकलं. पहिल्यांदा गुरुवारी, शाळेच्या कार्यक्रमात, माइकवरून. दुसऱ्यांदा रविवारी, एका बाईच्या अंगणात, माइक नसताना, पण आवाज तोच. मधल्या दिवसांत काय झालं ते लिहून ठेवतो आहे. लिहिलं नाही तर मी ते कुणाला तरी ओरडून सांगेन, आणि माझ्या वयाचा माणूस ओरडला की लोक रक्तदाब तपासायला सांगतात.

आमची शाळा वालूरपासून थोडी आत, सातवीपर्यंतची. तिथं मी बरीच वर्षं मराठी आणि इतिहास शिकवतो. शाळेच्या लोखंडी कपाटात एक डिजिटल कॅमेरा आहे. चांदीच्या रंगाचा, साबणाच्या वडीएवढा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. कुठल्याशा योजनेत तो आला, योजना गेली, कॅमेरा राहिला. आज शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाच्या खिशातला फोन त्याच्याहून चांगले फोटो काढतो. पण फोन स्टॉक रजिस्टरला नसतो. रजिस्टरला नोंद असलेली वस्तू आमच्याकडे देवासारखी असते: कुलपात ठेवायची, सणाला बाहेर काढायची, आणि तिच्याकडून कामाची अपेक्षा करायची नाही.

सण म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी घंटा, फावडं, खडूची पेटी आणि विज्ञानाचा तराजू यांच्या रांगेत कॅमेराही पाटावर बसतो. मुख्याध्यापक स्वतः हळदीकुंकू वाहतात, तेही चिमटीने नाही, मुठीने. भिंगाभोवतीची जी बारीक फट असते, जिच्यातून भिंग पुढे सरकतं, तिच्यात दर वर्षी थोडं कुंकू उतरतं. मग प्रजासत्ताक दिनाला कॅमेरा चालू केला की भिंग अर्धं बाहेर येतं, कण्हल्यासारखा आवाज करतं आणि परत आत जातं. पडद्यावर ‘लेन्स एरर’ अशी अक्षरं उमटतात. यावर शाळेत उपाय ठरलेले होते. एक, तळहातावर कॅमेरा आपटणे. दोन, सेल काढून उन्हात ठेवणे. तीन, ‘कंपनीच फालतू आहे’ असं म्हणणे. तिसरा उपाय मुख्याध्यापक करायचे.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत मी चित्रकलेच्या पेटीतला कोरडा ब्रश घेतला आणि व्हरांड्यात बसून ती फट झाडली. लाल भुकटी निघाली, थोडी पिवळी निघाली, एक तांदळाचा दाणाही निघाला. मग सेलच्या खणातल्या पत्र्यावरचा हिरवा गंज खोडरबराने घासला. एवढ्यावर कॅमेरा चालू झाला. आता तो खरंच फोटो काढतो का, हे पाहायला समोर कुणीतरी हवं होतं.

समोर मिस्त्री होते. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींचे मालक. मिस्त्री सेलूला बांधकामावर जायचे, पण दर वर्षी सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी, कुणी सांगितलेलं नसताना, मैदानावर चुन्याच्या रेघा मारायला यायचे. दोरी न धरता मारलेली त्यांची रेघ सरळ असायची. आमच्या क्रीडाशिक्षकांची दोरी धरूनही नसायची.

मिस्त्रींना फोटोचं वावडं होतं. लग्नाच्या वरातीत, जयंतीच्या मिरवणुकीत, कुठंही कॅमेरा वळला की ते मान फिरवायचे. घरातल्या सगळ्या फोटोंत ते होते, पण कानापुरते.

"मिस्त्री, जरा उभे राहा इथं."

"मी कशाला? फोटू काढायलात का?"

"फोटो कुठला! बंद पडलाय हा. तपासायलोय नुसता."

"मंग ठीक हाय," मिस्त्री म्हणाले. "बंदच हाय तर काढा किती काढायचे ते." आणि हसले.

बटण दाबलं, फोटो निघाला. भुवयांवर चुना, पुढचा एक दात नाही, मागं झेंड्याचा खांब, आणि चेहऱ्यावर अशा माणसाचं हसू, ज्याला खात्री आहे की कुणी पाहत नाही.

"निघाला का काय?"

"निघाला."

"फसवलं की ओ सर!" म्हणून त्यांनी हात झटकले. हातावरचा चुना माझ्या शर्टावर उडाला.

त्यानंतरच्याच महिन्यात मिस्त्री गेले. दुपारी कामावर सावलीला बसले आणि उठले नाहीत.

पुण्यानुमोदनाला मी गेलो होतो. पांढऱ्या कापडावर फोटो ठेवला होता, मेणबत्त्या लावल्या होत्या, एकेक जण फूल वाहून पुढे सरकत होता. फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला. डोळे अर्धे मिटलेले, जबडा आवळलेला, रंग सिमेंटचा. लोक गेल्यावर मावशी त्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "ह्यो फोटू बघून वाटतंय, पोलिसानं धरून आणलंय. ह्यो मानूस आमच्या घरात कदी नव्हता." मग त्यांना आठवलं. "सर, तुमी काढला व्हता की शाळंत. चुन्याच्या दिवशी. त्यो देता का मला?"

"देतो की काढून," मी म्हणालो.

‘देतो काढून’ हे दोन शब्द मराठीतून हद्दपार व्हायला हवेत. त्यांचा अर्थ कुठल्याही कोशात नाही. देणाऱ्याला वाटतं, आपण दिलं. घेणाऱ्याला वाटतं, मिळणार. मधे वर्ष जातं.

माझंही गेलं. सबबी होत्या माझ्याकडे. कॅमेऱ्याची वायर हरवली होती. शाळेत पाच नवे संगणक आले होते, पण ते ‘डिजिटल वर्गा’तले होते, आणि वर्गाचं उद्घाटन झालेलं नव्हतं. उद्घाटनाआधी संगणकावरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, अशी सूचना होती. पाहुण्यांची तारीख तीनदा ठरली, तीनदा मोडली. अकरा महिने पाच संगणक लग्न ठरून राहिलेल्या मुलींसारखे झाकून बसले होते, आणि मुलं फळ्यावर माउसचं चित्र काढून संगणक शिकत होती. पण हे सगळं सांगून झाल्यावर खरं ते उरतंच. मी कुठल्याही शनिवारी कार्ड खिशात टाकून परभणीला जाऊ शकलो असतो. तेवढंही नको, कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो उघडून माझ्या फोनने त्याचा फोटो घेतला असता तरी पाच सेकंदांत काम झालं असतं. मी घेतला नाही. मावशी दर महिन्या-दोन महिन्यांनी वरण वाढता वाढता विचारायच्या, "सर, फोटू?" आणि मी तोंडात घास असल्याचा फायदा घ्यायचो.

वर्ष भरत आलं. पहिला स्मृतिदिन रविवारी होता. सोमवारीच मावशी टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या, हातात झारा तसाच. "सर, ह्या बारीला त्यो पोलिसवाला फोटू न्हाई ठिवायचा मला. पुण्याहून लेक यायलीय. तिला तिचा बाप दिसू द्या."

मी त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे कार्ड मागितलं.

"स्टॉकची वस्तू आहे सर. अर्ज द्या."

अर्ज दिला. त्यांनी तो वाचला, एक अनुस्वार दुरुस्त केला आणि म्हणाले, "गुरुवारी उद्घाटन ठरलंय, पक्कं. कॅमेरा लागणार. कार्यक्रम होऊ द्या, शुक्रवारी न्या."

"फोनवर काढू ना कार्यक्रमाचे फोटो."

"फोनवरचा फोटो फोनवरचा दिसतो," मुख्याध्यापक म्हणाले. या वाक्यावर मी आजही विचार करतो.

गुरुवारी सकाळी मैदानावर मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांवर टॉवेल. टॉवेल फक्त पहिल्या रांगेला. समारंभात कोण किती मोठा, हे आमच्याकडे टॉवेलवरून कळतं. पाहुणे असे होते, की त्यांच्या पदाचं नाव निमंत्रणपत्रिकेत दोन ओळींत बसलं होतं. शाळा समितीचे अध्यक्ष फेटा बांधून हजर. मावशी मागे चुलीपाशी, नेहमीपेक्षा दुप्पट भात टाकून. मावशी बौद्ध वस्तीतल्या. त्या कामाला लागल्या त्या वर्षी गावातल्या काही घरांतली मुलं घरून डबे आणायची. डबे कशाला, हे कुणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. अध्यक्षांच्या घरचे दोन डबे असायचे, पितळी. मावशींच्या वरणाला लसणाची फोडणी असते. वर्षभरात डबे बंद झाले. त्याबद्दल कुणी माफी मागितली नाही, कुणी आठवणही काढली नाही. त्या दिवशी अध्यक्षांचं पहिलं वाक्य होतं, "मावशी, पाहुण्यांना वाढायला जरा चांगलं पातळ नेसून या."

नऊच्या सुमारास मुख्याध्यापकांनी हाक मारली. "सर, बघा हो हे. काहीतरी मागायलाय."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर लिहिलेलं होतं की कार्ड वाचता येत नाही. खाली प्रश्न: ‘फॉरमॅट?’ आणि त्याखाली दोन चौकोन, ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’. मला लगेच कळलं. खंडेनवमी पुन्हा होऊन गेली होती. कार्डाला सोनेरी पट्ट्या असतात, त्यांच्यावर धूळ किंवा ओशट काही बसलं की कॅमेऱ्याला कार्ड दिसत नाही. तो बिघाड नसतोच. कार्ड काढायचं, पट्ट्यांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, फुंकर न मारता कोरड्या फडक्याने पुसायचं, परत बसवायचं. एवढंच.

"सर, याला हात लावू नका," मी म्हणालो. "काहीही दाबू नका. खोडरबर घेऊन आलोच."

खोडरबर माझ्या टेबलाच्या खणात होतं. सातवीचा वर्ग मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. जाऊन यायला दोन मिनिटं लागली असतील. परत आलो तेव्हा मुख्याध्यापक प्रसन्न होते.

"झाला चालू! तुमचं खोडरबर ठेवा तुमच्यापाशीच."

"काय केलंत?"

"काय करायचं? त्यानं फॉरमॅट मागितलं, दिलं फॉरमॅट. ओके दाबलं."

इथं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर या माणसावर अन्याय होईल, आणि मला तो अन्याय न करता रागवायचं आहे. सरकारी शाळेत ‘फॉरमॅट’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. वरून रोज संदेश येतो: माहिती विहित फॉरमॅटमध्ये तात्काळ सादर करावी. मुलांची उंची फॉरमॅटमध्ये. तांदूळ फॉरमॅटमध्ये. शौचालयाची दारं फॉरमॅटमध्ये. फॉरमॅटमध्ये नसलेली माहिती परत येते, सोबत खुलासा मागणारं पत्र घेऊन. तीस वर्षं ज्या माणसाने फॉरमॅट मागितलं की दिलं, तो एका सरकारी कॅमेऱ्याला नाही कसं म्हणेल? फॉरमॅट म्हणजे शिस्त. फॉरमॅट म्हणजे रकाने. आत असलेलं सगळं पुसून टाकणं असाही त्याचा एक अर्थ होतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी ते स्वतःही ओळखायला हवं होतं, असं मला कधी कधी वाटतं.

"सर, सगळे फोटो गेले त्यातले."

"कुठं गेले? जुनेच होते ना?"

"मिस्त्रींचा फोटो होता. मावशींना रविवारी पाहिजे."

त्यांचा चेहरा क्षणभर पडला. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि चेहरा परत जागेवर आला.

मी घाईघाईने सांगितलं. फॉरमॅट केलं तरी फोटो लगेच मरत नाहीत. नुसती अनुक्रमणिका फाटते, पुस्तक आत असतं. परभणीला काढून देणारे आहेत. फक्त एक अट: या कार्डावर आता एकही नवा फोटो काढायचा नाही. नवा फोटो जुन्याच्या अंगावर बसतो. "कार्ड मला द्या, आजचा दिवस फोनवर भागवू."

"पाहुणे दारात आलेत!"

"सेलही उतरलेत त्याचे," मी खोटं बोललो.

मुख्याध्यापकांनी खिशातून नव्या सेलची जोडी काढली. इतक्या वर्षांत त्या कॅमेऱ्यासाठी नवे सेल मी पहिल्यांदा पाहिले. "तयारी आहे माझी. आणि फोटो तुम्हीच काढा, तुम्हालाच जमतं त्यातलं."

मग मी ठरवलं की फोटो काढायचेच नाहीत. कॅमेऱ्याचं बटण अर्धं दाबलं की ‘पीप’ वाजतं आणि हिरवा चौकोन येतो. पूर्ण दाबल्याशिवाय फोटो निघत नाही. पाहुणे उतरले, पीप. औक्षण झालं, पीप. फीत कापली, मी गुडघ्यावर बसून मान तिरकी करून तीन वेळा पीप. सगळे खूश. मागून मावशी पदराला हात पुसत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "चालू झाला का सर कॅमेरा? बरं झालं बाई. आता आमच्या मालकाचा फोटू निघंल."

मी मान हलवली. होकाराची की नकाराची, मलाही सांगता येणार नाही.

घात पाहुण्यांनीच केला. फीत कापून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. "दाखवा, कसा आलाय." एवढा मोठा माणूस, पण स्वतःचा फोटो बघायची घाई पहिलीतल्या पोरासारखी. त्यांनी कॅमेरा हातातून घेतलाच. पडद्यावर एकही फोटो नव्हता.

"यांना येत नाही वाटतं," पाहुणे म्हणाले. लोक हसले. अध्यक्ष फेट्यासकट हसले.

"त्येंचं मराठी चांगलं हाय सायेब," कुणीतरी मागून म्हणालं, आणि लोक पुन्हा हसले.

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांना सगळं कळलंय हे मला कळलं. कॅमेरा क्रीडाशिक्षकांच्या हातात गेला. कापलेल्या फितीला गाठ मारली आणि पाहुण्यांनी ती पुन्हा कापली. गाठ नेमकी मधे आली, कात्री अडकली, म्हणून तिसऱ्यांदा बांधली. क्रीडाशिक्षकांनी दरम्यान एक शोध लावला होता: बटण दाबून धरलं की कॅमेरा सलग फोटो काढत सुटतो. ते बटण त्यांनी कार्यक्रम संपेपर्यंत क्वचितच सोडलं.

मी खुर्चीवर बसून ऐकत होतो. शाल घालताना तो कटकट आवाज. नारळ देताना. शाल काढून घडी करताना. नारळाची शेंडी सरळ करताना. संगणकावरचं प्लॅस्टिक पाहुण्यांनी स्वतःच्या हाताने ओढलं तेव्हा. प्रत्येक आवाजाबरोबर मिस्त्रींच्या अंगावर कुणीतरी एक शाल टाकतंय, असं वाटत होतं. मी उठून कॅमेरा हिसकावून घ्यायला हवा होता. दोन वेळा उठलोही. पहिल्यांदा कुणाला तरी वाटलं की मला पाणी हवंय. दुसऱ्यांदा मीच तसं दाखवलं. यापुढे शौर्यावर धडा शिकवायचा असला की मी तो दुसऱ्या शिक्षकाकडे देईन.

शेवटी मुख्याध्यापकांचं भाषण. आजचा क्षण कॅमेऱ्यात बंद झाला आहे, असं सांगून ते म्हणाले, "छायाचित्र माणसाला अमर करतं." क्रीडाशिक्षकांनी त्यांचे ते बोलतानाचे सलग फोटो काढले.

शुक्रवारी सकाळी मी कार्ड घेऊन परभणीला गेलो. अर्ज मंजूर होता. स्टेशनच्या बाजूला एक जुना स्टुडिओ आहे. चालवणारे चाचा पूर्वी अंधाऱ्या खोलीत रोल धुवायचे. आता संगणकावर बसतात, पण हात अजून ओले असल्यासारखे अंगापासून लांब धरतात.

"फॉरमॅट कोणी केलं?"

"वरिष्ठांनी."

"आणि वरून फोटो काढले? किती?"

"दोनशे चौदा."

"या अल्ला. कशाचे?"

"शालीचे."

"सगळे?"

"थोडे नारळाचे."

चाचांनी चष्मा काढून पुसला. "सर, एक सांगू? हे कार्ड काढून नुसतं रबरानं साफ केलं असतं ना..."

"माहीत आहे," मी इतक्या जोरात म्हणालो की शेजारी पासपोर्ट फोटोला बसलेल्या बाईंचा फोटो हलला. त्यांना दुसऱ्यांदा बसावं लागलं. मी माफी मागितली.

संगणकाने तासभर कार्ड चाळलं. जुन्या एकसष्ट फोटोंपैकी एकोणीस आले. वृक्षारोपणाचे खड्डे आले. एका अधिकाऱ्यांची पाठ आली. मग मिस्त्री यायला लागले, वरून खाली, पडदा हळूहळू उतरावा तसे. आधी आकाश. खांबाचं टोक. केस. चुन्याच्या भुवया. हसणारे डोळे. नाक. मिशी. आणि मिशीच्या खालच्या काठाशी चित्र संपलं. तिथून खाली सगळं राखाडी, सपाट, शाळेच्या पाटीसारखं.

"फाइल दोन तुकड्यांत बसली होती," चाचा हळू आवाजात म्हणाले. "पहिला तुकडा शाबूत. दुसऱ्याच्या जागेवर नवा फोटो बसला."

"कुठला?"

"कशाला विचारायलात सर?"

"दाखवा."

त्यांनी दाखवला. दुसऱ्या वेळची फीत. गाठीत अडकलेली कात्री. पहिल्या वेळी मी खरा एकच फोटो काढून दाखवला असता, तर ही दुसरी वेळ आलीच नसती. परतीच्या वाटेवर मी मुख्याध्यापकांवर जेवढा रागावलो होतो, त्यात हा हिशेबही होता. तो कुणावर टाकावा हे ठरत नव्हतं, म्हणून मी बसच्या खिडकीशी भांडत होतो. ती बंद होत नव्हती.

चाचांनी एक पर्याय दिला होता. आता संगणक तोंड जोडून देतो. आधार कार्डावरची हनुवटी घ्यायची, हसू नवं बसवायचं, कुणाला कळत नाही. मी म्हणालो, घरच्यांना विचारून सांगतो.

संध्याकाळी मावशींच्या दारात बसून मी सगळं सांगितलं. मुख्याध्यापक, ओके, पीप, फीत. माझ्या बोलण्यात राग भरपूर होता. मला वाटलं होतं त्यांनाही येईल. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडून झाल्यावर म्हणाल्या, "म्हंजे गुरवारी गेला?"

"हो."

"आन्‌ त्याच्या आदी वर्सभर कुठं व्हता?"

या वेळी माझ्या तोंडात घासही नव्हता.

त्याच पुढे म्हणाल्या, "जेवढा हाय तेवढा दावा की." चाचांनी फोनवर पाठवलेला फोटो मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी फोन हातात घेतला, आधी लांब धरला, मग जवळ. लेक आतून आली, आईच्या खांद्यावरून वाकली आणि तशीच उभी राहिली.

"तोंड जोडून मिळतं म्हणायलेत," मी म्हणालो. "संगणकावर. हुबेहूब."

"कुनाचं तोंड?"

"म्हणजे... संगणक करतो तयार."

"नगं," मावशी म्हणाल्या. "परक्याचं तोंड लावून घरात कशाला ठिवू? डोळे हाईत की त्येंचे. तोंड न्हाई तेच बरंय, उलटं बोलायचं न्हाईत." मग लेकीकडे वळून, "रडू नगं गं. बग, तुज्या बापाला कुनी तरी गप केलं शेवटी." दोघी हसल्या, आणि हसता हसता लेक आत निघून गेली.

रविवारी फोटो पांढऱ्या कापडावर होता. चाचांनी मोठा करून दिलेला, काचेच्या चौकटीत. झेंडूचा जाड हार असा घातला होता की तो बरोबर मिशीखाली यावा. बघणाऱ्याला वाटत होतं, मिस्त्री हारावरून डोकावून हसतायत. लोक फूल वाहताना म्हणत होते, "लय छान फोटू आलाय. जिवंत वाटायलाय."

मुख्याध्यापकही आले. पांढरा सदरा, हातात गुलाब. त्यांनी मेणबत्ती लावली, हात जोडले, आणि दोन शब्द बोलायचा आग्रह कुणी केलेला नसताना दोन शब्द बोलले. मिस्त्रींच्या सरळ रेघा, त्यांचं शाळेवरचं प्रेम, आणि मग, "छायाचित्र माणसाला अमर करतं." खाली बसताना माझ्या कानाशी वाकले. "फोटो उत्तम आलाय हो. आपल्याच कॅमेऱ्याचा ना?"

मी तोंड उघडलं. गेले तीन दिवस जे जे जमवून ठेवलं होतं, ते सगळं एका वाक्यात येणार होतं. तेवढ्यात मावशींनी माझ्या हातात कप ठेवला.

"च्या घ्या सर. निवायलाय."

मी चहा घेतला. निवलेलाच होता.

फोटो आता त्यांच्या घरात भिंतीवर आहे. झेंडूचा हार दोन दिवसांत आकसला, वर सरकला आणि खालचा राखाडी भाग उघडा पडला. म्हणून मावशींनी वालूरच्या बाजारातून प्लॅस्टिकचा हार आणलाय. तो सुकत नाही. महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवावा लागतो.